मावशीचं सुतक

हिच्या पायाची नखं काढली, तेवढंच शेवटचं. आउटहाउसच्या पायरीवर बसून. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे. "अवं, नख काढताय का बोट?" म्हणाली. मी म्हटलं, गप बस, पाय हलवू नको. मग ती बंगल्यात भांडी घासायला गेली आणि मोरीपाशी बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

आम्ही ठाकर. भीमाशंकरच्या अंगाला आमची वाडी. लग्न झालं तसे पुण्यात आलो आणि डेक्कनच्या मागच्या या बंगल्यात राहिलो. ती घरात, मी बागेत. आम्हाला मूल नाही. आताचे साहेब तिच्याच कडेवर वाढले. तिला सगळे मावशी म्हणायचे. साहेब, वहिनी, त्यांची मुलगी, दूधवालासुद्धा. मावशी, पण देवघराच्या उंबऱ्याच्या अलीकडची. फरशी पुसायची ती उंबऱ्यापर्यंत. आतली वहिनी स्वतः पुसायच्या. देवाची फुलं मात्र माझ्या हातची चालायची. ती कशी चालतात, मी कधी विचारलं नाही. झाडावरची म्हणून असेल.

साहेबांच्या आई गेल्या तेव्हा बंगल्यात सुतक होतं. हिनंही धरलं. डोक्याला तेल नाही, गोड तोंडात नाही. वहिनींच्या लक्षात आलं तशा त्या रडता रडता हसल्या. "अगं मावशी, तुला कसलं गं सुतक?" चांगल्या मनानं म्हणाल्या. हीपण हसली. खोलीवर आल्यावर मला म्हणाली, "म्हातारीचं हागणं-मुतणं मी काढलं. मग मला कसं न्हाई?" मी म्हटलं, त्यांच्यात ते रक्ताचं असतं. तिनं तेल लावलं नाही ते नाहीच.

आता ही गेली. साहेब म्हणाले, "मामा, वाडीवर न्यायचं का?" वाडीवर आता आमचं कोण आहे? इथंच विजेच्या दाहिनीवर नेली. साहेबांनी खांदा दिला. पुढचा. अनवाणी चालले, डोळे लाल. ते मी पाहिलंय, कोणी खोटं म्हणू नये. परत येऊन त्यांनी अंघोळ केली. आणि दिवे लागले तशी देवघरातली घंटा वाजली. रोजच्यासारखी.

मी पायरीवर बसून ऐकली. सुतकाच्या घरात घंटा वाजत नाही, हे मला याच बंगल्यानं शिकवलंय. सख्खी मावशी गेली तरी यांच्यात सुतक येतं. मग खांद्यावर घेतली ती कोण होती? राग आला म्हणावं तर तोही धड येईना. खांदा तर दिला होता ना.

वहिनी पिठलं-भात घेऊन आल्या. ताट ठेवलं आणि तिथंच पायरीवर टेकल्या. त्या पायरीवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"मामा, दोन घास खाऊन घ्या."

मी घास घेतला. मग त्या हळूच म्हणाल्या, "उद्या फुलांचं कसं करू या? म्हणजे... तुमच्यात सुतक असतं का हो? मला खरंच माहीत नाही."

टोमणा नव्हता तो. पण मलाही सांगता येईना. वाडीवर कोणी मेलं की काय पाळतात, किती दिवस, काय खातात, ते सगळं हिच्याकडे होतं. मी वाडी सोडली तेव्हा मला मिसरूड फुटत होतं.

मी म्हटलं, "हिला विचारून सांगतो."

निघून गेलं तोंडातून. वहिनींनी ओढणी तोंडाला लावली. मी भात कालवत राहिलो.

फुलं काढली, तर माझं कोणी गेलंच नाही असं व्हायचं. न काढावी, तर त्या बाईनं आपल्या हातानं ताट आणलेलं. डोकं चालेना.

सकाळी सवयीनं परडी घेऊन तगरीपाशी गेलो. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मागच्या दाराची कडी वाजवली. वहिनी आल्या.

"वहिनी, सुतक आहे."

"बरं." मग म्हणाल्या, "किती दिवस, मामा?"

"माहीत नाही. फिटलं की सांगीन."

त्यांनी परडीसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी परडी खाली ठेवली, बाजूला झालो, तेव्हा त्यांनी उचलली. मला शिवायचं नाही याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. की वाईट वाटलं, कोण जाणे.

त्या तगरीकडे गेल्या. मी नळ सोडला. सुतकात झाडांना पाणी घालायचं की नाही, तेही कळेना. ऊन वर येत होतं. घातलं.