उतरत्या रेषेचा चढ

परवा एका कचेरीच्या, व्हीलचेअर चढणार नाही इतक्या उभ्या रॅम्पविरुद्ध शाळेच्या एका वर्गात आमची सभा होती. वर्गातला फळा मी ओल्या फडक्यानं पुसला आणि त्या वासासरशी मला दहावीतली ती मुलगी आठवली, खुलताबादहून एसटीनं येणारी. शिक्षकदिनी नववीला गणित कोण शिकवणार हे सर ठरवणार होते, आणि ते मीच, असं मी धरूनच चालले होते. आईची जांभळी साडीसुद्धा इस्त्री करून ठेवली होती. सरांनी फळ्यावर (१, ५) आणि (३, १) हे दोन बिंदू देऊन रेषेचा चढ विचारला. मी झरझर वजाबाक्या करून ओरडले, "दोन!" ती शांतपणे म्हणाली, "उणे दोन, सर. रेषा तर खाली उतरतीये." मी वरची वजाबाकी एका क्रमानं केली होती आणि खालची उलट्या. सर हसले, "रोज घाट उतरून येती, तिला उतार दिसणारच! नववी हिलाच." म्हणजे आम्ही सपाट गल्लीत राहतो हा आमचा गुन्हा? सरळसरळ अन्याय होता हा. वर मधल्या सुट्टीत ती माझ्याकडंच आली, "शिक्षकदिनाला साडी देतीस का गं? माझ्याकडं नाय." दिली. त्या दिवशी निऱ्याही मीच घालून दिल्या. नववीचा वर्ग तिच्यापुढं चिडीचूप बसला, आणि माझ्या आईची साडी तिलाच जास्त खुलत होती. परवा मी रॅम्पचा चढ फळ्यावर काढून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला अजूनही तो नववीचाच वर्ग हवाय.