भागूबाईंच्या विहिरीतले केस

दुष्काळाच्या वर्षी, १९७२ सालच्या मार्गशीर्षात, भागूबाई नगरला, मी भूशास्त्र शिकवत होतो त्या महाविद्यालयात आल्या. शिपायाने त्यांना फाटकातूनच परत पाठवले. अंगावर ठिगळाचे लुगडे असलेल्या बाईचे भूशास्त्राशी काय काम, असा त्याचा हिशेब. त्या मागच्या बाजूने आत आल्या आणि माझ्या टेबलावर त्यांनी एक पितळी डबा ठेवला. झाकण उघडताना मात्र त्यांनी तोंड फिरवले.

डब्यात पांढऱ्या केसांचा गोळा होता. म्हातारीच्या अंबाड्याएवढा, तितकाच मऊ. त्याखाली काळ्या खडकाची कपची नसती, तर मीही तोंड फिरवले असते.

“सायेब, ह्ये केस हायेत का दगड, येवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “दगड आसंल तर माझी हीर पुढं जाईल. केस आसतील तर बुजवायची म्हनत्यात.”

पारनेरच्या पठारावर त्यांची कोरडवाहू जमीन होती. नवरा वारल्यावर त्यांनी जिद्दीने विहीर खोदायला घेतली होती. वस्तीवरचा एकुलता आड आटला होता आणि प्यायचे पाणी दोन कोसांवरून येत होते. सूर्यभान हा विहिरी खोदणारा मनुष्य सुरुंगाने मोकळा झालेला खडक पहारीने काढत असताना आत एक पोकळी लागली. त्याने हात घातला, तर बोटांना केस लागले. तो ओरडत वर आला तो पुन्हा उतरला नाही. विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवी, बसल्या आहेत, त्यांच्या डोक्यावर घाव घालाल तर निर्वंश होईल, असे वस्तीने ठरवून टाकले. त्यावर भागूबाई स्वतः दोराला धरून उतरल्या होत्या आणि हा गोळा उपटून घेऊन आल्या होत्या.

तो ओकेनाइट होता. आमच्या भागात क्वचितच आढळणारे हे सिलिकेट. चुना, सिलिका आणि पाणी, एवढ्यातून झालेले. ग्रंथ त्याची कठिणता काचेच्या जवळपास देतात. पण त्याचे तंतू इतके बारीक असतात की बोट टेकले तर वाकतात आणि फुंकर घातली तर हलल्यासारखे वाटतात. खडकाच्या ज्या पोकळ्यांत झिओलाइट जातीची स्फटिकी खनिजे सापडतात, त्यांतच हेही सापडते, म्हणून संग्रहालयांतून ते त्यांच्याच खणात पडलेले असते. वस्तुतः झिओलाइटाच्या सांगाड्यास ॲल्युमिनियम लागते आणि याच्यात ते नाही. आतली रचना तर तेव्हा पुरती उलगडलेलीही नव्हती. पुढे मी पुण्यातील एका तज्ज्ञांना सविस्तर लिहिले. पोच देण्याचे सौजन्यही त्यांनी दाखवले नाही.

मी एक तंतू आम्लात टाकला. तो विरघळून खळीसारखा झाला. दुसरा स्पिरिटच्या दिव्यावर धरला. केस असता तर चुरचुरला असता, वास सुटला असता. तसे काहीच झाले नाही.

“दगड आहे,” मी म्हणालो.

“मग त्यांना येऊन सांगा. माझं कोन ऐकतंय?”

त्या रविवारी मी दिवा आणि तो गोळा घेऊन गेलो. विहिरीतला दगड वर ओढायच्या यारीभोवती सारी वस्ती जमली होती. भागूबाईंचे दीर आसाराम पुढेच बसले होते.

“या, मास्तर. वहिनींनी आता कालेजातनं देवऋषी आनला जनू!” ते म्हणाले. लोक हसले.

मी सर्वांसमक्ष एका बाईचा गळलेला केस ज्योतीत धरला. तो जळाला, वास आला. मग गोळ्यातील तंतू धरला. तो जळाला नाही. लोकांचे हसू थांबले. मला वाटले, पटले.

“बगितलं?” आसाराम हळूच म्हणाले. “आपला केस जळतो. तिचा अग्नीनं बी जळंना.”

कोणीतरी पायताण काढले. बघता बघता सगळ्यांनीच काढले. बायांनी पदर डोक्यावर घेतले. शेंदूर आला, तेल आले, आणि तो शाबूत नमुना माझ्या डोळ्यांदेखत तेलात कालवला गेला. तंतू एकमेकांना चिकटून लगदा झाला. वर्गीकरणाच्या कामी तो कायमचा निरुपयोगी झाला, आणि हे कुणाला सांगावे असे तेथे कुणी नव्हते.

“आता माती लोटा,” आसाराम म्हणाले. “देवीला झाकून टाका.”

तेव्हा भागूबाई उठल्या. त्यांनी शेंदराने माखलेल्या गोळ्यावर बोट फिरवले आणि ते नाकाशी नेले.

“भाऊजी, केसांस्नी पान्याचा थेंब न्हाई बगा. तेल घातलंत, पर न्हाऊ कोन घालनार? पान्याची बाई कोरडीच बुजवायची व्हय?”

वारा पडला होता. यारीचा दोर मात्र हलत होता.

“बोला की! देवीला तहानलेली ठेवलं तर शाप कुनाला लागंल? मला का तुमाला?”

आसारामांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने सूर्यभान उठला, विहिरीकडे पाठ न करता पाया पडला आणि खाली उतरला. पोकळीला धक्का न लावता त्याने तिच्या खालचा खडक फोडला. महिन्याच्या आत तिथे पाझर लागला आणि सगळी वस्ती त्यावर जगली.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो. पोकळीत आणखी गोळे असणार, त्यांतला एखादा तरी तेल न लागलेला मिळावा, एवढीच अपेक्षा होती. टळटळीत दुपार होती. भागूबाई काठावर एकट्याच होत्या. मी हातोडी काढली, तसा त्यांनी माझा हात धरला.

“नगा सायेब.”

“तुम्हाला तर मी स्वतः सांगितले आहे. तो दगड आहे.”

“व्हय. दगडच हाय. त्या दिवशी मी बोलले ते समदं खोटंच हुतं.” त्यांनी विहिरीत पाहिले. “तवा खोटं हुतं.”

मी हातोडी पिशवीत ठेवली. त्यांनी घागरीला दोर बांधला, पदर सारखा केला आणि काठावर ओणवून, शेजारणीच्या दारात उभे राहून विचारावे तसे खाली विचारले, “सोडू का गं?”

मग त्या थांबल्या. विहीर निःशब्द होती. निदान मला तरी काही ऐकू आले नाही. भागूबाईंनी मान डोलावली आणि घागर खाली सोडली.