गौतमीच्या लॅपटॉपमधल्या अक्षता

मारुंजीत मुलाकडे राहायला आलो, तेव्हा आमच्या घरमालकीण लीलाबाई आणि त्यांची सून गौतमी यांची ओळख झाली. गौतमीबद्दल थोडं लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहिण्याची सवय नाही, त्यामुळे नीट जमेल की नाही सांगता येत नाही.

ती कोळवणकडची, भातशेतीत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा सासरीही शेती होती. पुढे बरीचशी विकली गेली आणि उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. शेतात राबायची सवय असलेल्या गौतमीला पाण्याची मोटर चालू-बंद करण्यापलीकडे काम उरलं नाही. आमच्या शेजारच्या खोलीत स्वानंद नावाचा सोलापूरकडचा मुलगा राहत असे. कंपनीकडून नवा लॅपटॉप मिळाल्यावर त्यानं आपला जुना तिला दिला. त्यावर ती मराठी टायपिंग शिकली. आधी भाडेकरूंचे करारनामे, मग बारशाच्या आणि वास्तुशांतीच्या पत्रिका. मजकूर ती जुळवून द्यायची आणि छापखानेवाला छापायचा. लीलाबाईंची हरकत नव्हती, पण कौतुकही नव्हतं.

मग जवळच्या चांदे गावच्या हैबतरावांच्या मुलीची लग्नपत्रिका तिच्याकडे आली. बाहेरगावाहून आलेलं हे पहिलंच काम. इकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा भावकीची नावं जपावी लागतात. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोण निमंत्रक आणि कोण नुसता विनीत, यावरून सख्खे चुलते बोलायचे थांबतात. हैबतराव तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसत आणि नावं वर घे, खाली घे असं सांगत. रुसवेफुगवे काढून अखेर क्रम ठरला. तो त्या लॅपटॉपमध्येच होता. दुसरीकडे उतरवून ठेवायचं कोणालाच सुचलं नाही. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी हैबतराव थोरल्या भावाला घेऊन शेवटची नजर टाकायला येणार होते. हे काम नीट पार पडलं तर चांदे-नांदे या दोन्ही गावांतली आणखी कामं येतील, आणि बिघडलं तर घरातला लॅपटॉप कायमचा मिटेल, हे गौतमीला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सकाळी लीलाबाईंनी पाटावर कोयते, विळे, खुरपी मांडून पूजा केली. लॅपटॉपही पुसून शेजारी ठेवला होता. दुपारी गौतमीनं तो उघडला, तर पडद्यावर लॅपटॉपच्या कंपनीचं नाव येऊन तिथंच थांबलं. आतून खरखर ऐकू येऊ लागली. पुन्हा बंद करून चालू केला, तरी तेच.

ती आमच्या दारात आली आणि मला आपल्या घरी घेऊन गेली. स्वानंद सणाला घरी गेला होता, म्हणून तिनं त्याला फोन लावला. आवाज कुठून येतो, असं त्यानं विचारलं. तिनं कान लावून सांगितलं, सीडी घालतात त्या बाजूनं. तो म्हणाला की चालू होताना मशीन आधी आत सीडी आहे का ते बघतं, आणि तिथंच अडकत असेल. बटण दाबून सीडी ठेवायचा ट्रे बाहेर येईना. मग त्याच्या सांगण्यावरून तिनं एक पिन सरळ करून शेजारच्या बारीक भोकात खुपसली. ट्रे अर्धवट बाहेर आला.

ट्रेवर हळदीनं पिवळे झालेले तांदूळ होते. सीडी वाचणाऱ्या मधल्या काचेवर कुंकू बसलं होतं.

गौतमीनं एक दाणा बोटानं टिपून पाहिला. फोनवर एवढंच म्हणाली, "थोडा कचरा आहे आत." फुंकून, मऊ कापडानं पुसून पाहिलं. खरखर थांबली नाही. तेव्हा स्वानंद म्हणाला, तो अख्खा भागच काढून टाक, त्याच्यावाचून लॅपटॉपचं काही अडत नाही. तिनं चार्जर काढला, बॅटरी काढली आणि लॅपटॉप पालथा घातला. त्या भागाला एकच स्क्रू होता. शिलाई मशीनचा पेचकस त्यात बसेना. माझ्याकडे चष्म्याचे स्क्रू आवळायचा बारीक पेचकस होता, तो दिला. स्क्रू तिनं काढला आणि सीडीचा ड्राइव्ह चुलीतलं लाकूड ओढावं तसा हळूच बाजूला ओढून काढला.

लीलाबाई दारात उभं राहून हे पाहत होत्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी त्या बोलल्या.

"पुसताना बटन दाबलं गेलं. त्यानं हात म्होरं केला. सणाच्या दिवशी कुणी हात म्होरं केला तर मोकळा कसा धाडायचा? म्हनून अक्षता ठिवल्या."

"आत्या, आधी चालू तरी होऊ द्या," गौतमी म्हणाली. सासूला ती आत्या म्हणत असे.

बॅटरी बसवली. कंपनीचं नाव आलं आणि गेलं. पत्रिका उघडली. नावं होती तशी जागच्या जागी होती. तिनं ती बोट लावून दोनदा वाचली.

हैबतराव आले तेव्हा ड्राइव्ह टेबलावरच पडलेला होता. लॅपटॉपच्या बरगडीला भगदाड कसलं, असं त्यांनी विचारलं. जुना भाग खराब झाला होता, एवढंच सांगायला गौतमीनं सुरुवात केली. पण लीलाबाईंनी तिला मध्येच थांबवलं. "खराब न्हाई झाला. मी त्यात अक्षता टाकल्या. तिचा काय दोष न्हाई."

आता हे काम दुसरीकडे जाणार असं मला वाटलं. हैबतराव भावाकडे बघत म्हणाले,

"लगीन तुळशीच्या लग्नानंतर हाय, लीलाबाई. तुमाला अक्षता टाकायची लईच घाई झाली."

मग दोघे भाऊ नावं वाचायला बसले. थोरले प्रत्येक नावाला मान हलवत होते. सगळं पसंत पडलं. निघताना हैबतराव गौतमीला म्हणाले, "खाली तुजं बी नाव टाक, अक्षरजुळणी म्हनून. क्रमावरनं कुनी भांडाय आलं तर सरळ तुज्याकडं धाडता येईल."

तिनं नाव टाकलं. भांडायला कोणी आलं नाही. पत्रिकेचा मजकूर जुळवून घ्यायला मात्र लोक येत राहिले. लॅपटॉपच्या भगदाडावर तिनं त्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकेची पट्टी चिकटवली.

पुढच्या दसऱ्याला लीलाबाईंनी कोयत्याशेजारी तो काढलेला ड्राइव्ह पाटावर ठेवला. त्याला हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल असं सगळं वाहिलं. लॅपटॉप फळीवरच होता. त्याला त्यांनी लांबूनच हात जोडले.