चेक-इनमध्ये गेलेले बूट

मोरागला सोडायला फिनिक्सच्या विमानतळावर गेलो, तेव्हा न विचारता ज्ञान पाजळलं. बॅगा भरण्यात माझ्यासारखा तज्ज्ञ आमच्या अख्ख्या चँडलर गावात नाही. भारतात जाणारे लोक बॅगा मला दाखवून नेतात. मी स्वतः मात्र चार वर्षांत गेलेलो नाही. तिच्या हातातल्या पिशवीत धावायचे बूट होते, तळाला टोकदार खिळे असलेले. सिक्युरिटीवाले काढून घेतील, असं ठणकावून सांगत मी ते तिच्या मोठ्या बॅगेत कोंबले आणि बॅग चेक-इन करायला लावली.

मोराग ग्लासगोला पोचली. बॅग पोचली नाही.

मोराग आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. उत्तर स्कॉटलंडमधल्या मासेमारीच्या गावातली. अठराव्या वर्षी स्कॉलरशिपवर इथे आली, शंभर मीटर धावायला. पुढे युरोपात ब्रिटनकडून रिले धावली, राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडकडून. आता तिशी ओलांडलेली, गुडघा कुरकुरणारा. स्कॉटलंडची जर्सी पुन्हा मिळवायची ही शेवटची संधी होती. ग्लासगोच्या निवड चाचणीत पहिल्या दोघींत यायला हवं होतं. मला ती काका म्हणते. वयात फार अंतर नाही, पोट बघून म्हणत असावी.

गावी मात्र ती जात नसे. लहानपणीच्या कोच जीनबाई. त्यांना सोडून अमेरिकन कोच धरला, तेव्हापासून बोलणं बंद. याहीवेळी धावून थेट परत यायचं ठरलं होतं.

मला ते समजायचं. सांगलीहून बाबा फोनवर म्हणतात, "तुझ्या सोयीनं ये. आम्ही काय, इथंच आहोत." त्यात रागाचा टिपूस नसतो, म्हणूनच ते पचत नाही. कधी प्रोजेक्टची डेडलाइन, कधी व्हिसा, कधी लेकीची परीक्षा. मी तिकीट बुक करतो आणि कॅन्सल करतो. तुम्ही तिकडे राहिलेले असाल तर म्हणाल, निमित्तं आहेत. माझ्यासारखे इकडे आलेले असाल तर मान हलवाल. दोघांचंही बरोबर आहे.

शर्यत दोन दिवसांवर आली, बॅगेचा पत्ता नव्हता. कोरे बूट घालून कोणी धावत नाही, पाय सोलवटतात. शेवटी मोराग ट्रेन पकडून गावच्या जुन्या क्लबात गेली. जीनबाईंनी कपाट उघडलं. तिची जुनी जोडी तिथे होती, पुसून ठेवलेली. बाई एवढंच म्हणाल्या, "खिळे नवे घातलेत." कधी घातले, कशासाठी, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

शर्यत आम्ही किचनमध्ये लॅपटॉपवर पाहिली. मोराग तिसरी आली, जेमतेम छातीभर अंतराने मागे.

दुपारी तिचा फोन आला. मी सॉरी म्हणत सुटलो, तिने मला थांबवलं. "बूट चांगले होते, काका. पाय जुने झाले." महिनाभर आईकडे राहणार होती. संध्याकाळी जीनबाईंबरोबर मैदानावर, गावच्या पोरींना पळवायला.

फोन ठेवला. इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे परत गेल्यावर जाब विचारणारी जागा. तिथे कोणी आपल्यासाठी खिळे बदलून ठेवत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हे मी बायकोला, वृंदाला, जरा नटवून ऐकवलं. ती डिशवॉशर लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिचे बूट हरवले म्हणून ती घरी गेली. तू काय हरवायची वाट बघतोयस?"