क्र. ३, आतली बाजू

डिंकसाहेब हे नाव त्यांना कचेरीने दिले आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्या पाठोपाठ घरापर्यंत आले. एकतीस वर्षे ते दफ्तरखान्यात होते. फायलींवर चिठ्ठ्या चिकटवायचा डिंक ते घरी स्वतः शिजवून नेत, कारण बाजारच्या डिंकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "माझी चिठ्ठी फाईल सोडून गेली, असं एक तरी उदाहरण दाखवा," असे ते म्हणत. तसे उदाहरण कोणालाच सापडले नाही. फाईल फाटली आणि चिठ्ठी तेवढी शाबूत राहिली, अशी मात्र पुष्कळ होती.

निवृत्तीनंतर चिठ्ठ्यांना फायली उरल्या नाहीत, म्हणून त्या घराला लागू लागल्या. साखरेच्या डब्यावर 'साखर' इथवर बायकोने सोसले. दाराच्या कडीवर 'कडी' दिसल्यावर म्हणाली, "अहो, मलाही एक लावा. उगाच विसराल."

घरात तिला एक सवत होती, ती म्हणजे वडिलांच्या वेळची मोटारसायकल. वयाने डिंकसाहेबांहून चार वर्षांनी मोठी, आवाजाने सगळ्या गल्लीहून. "आज ती कशी आहे?" असे शेजाऱ्याने विचारले, की डिंकसाहेब आधी विचारत, "कोणती?"

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी तिचा क्लच उघडला. बिघाड काही नव्हता, वेळ होता. क्लच म्हणजे एकमेकींना चिकटून बसलेल्या चकत्या, एक लोखंडाची, एक बुचाची. हँडलवरची लिव्हर दाबली की त्या एकमेकींना सोडतात आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. लिव्हर सोडली की पुन्हा धरतात आणि गाडी निघते. डिंकसाहेबांनी सगळ्या चकत्या काढल्या, पुसल्या आणि पुन्हा जशाच्या तशा बसवल्या. तेव्हापासून चकत्यांनी एकमेकींना सोडणे सोडून दिले. लिव्हर दाबून गिअर टाकला रे टाकला की गाडी उसळायची आणि समोरच्या कुंड्यांत शिरायची.

तिसरी कुंडी फुटली त्या बुधवारी बायको शांतपणे म्हणाली, "रविवारी दहा वाजता भंगारवाला येतोय. तोवर तुमचा क्लच सुटला तर ती राहील. नाही तर ती त्याची."

ती अशी शांत झाली, की बोललेले करते.

गुरुवारी त्यांनी केबल बदलली. शुक्रवारी लिव्हरचा स्क्रू पाव फेरा आवळला, मग सैल केला, मग आठवेना म्हणून पुन्हा आवळला. शनिवारी तेल बदलले. प्रत्येक उपायापुढे वहीत 'फरक नाही' असे मोत्यासारख्या अक्षरात लिहिले. क्लच पुन्हा उघडायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तो त्यांनी स्वतः बसवला होता ना! मग दोष तिथे असणे शक्यच नव्हते.

रविवारी सकाळी आठला कोपऱ्यावरच्या गॅरेजचा वस्ताद दारात उभा. बायकोनेच बोलावले होते.

"तू त्याला बोलावलंस?"

"कुंड्या माझ्या आहेत," ती म्हणाली.

वस्तादने लिव्हर दाबून किक मारून पाहिली आणि मान हलवली. "साहेब, आतून हात लावला होता कुणी?"

"मीच. सगळं क्रमवार."

"तीच भीती होती," म्हणत वस्तादने झाकण उघडले. स्प्रिंगा काढल्या. चकत्या एकेक करून निघायला हव्या होत्या. निघाला तो अख्खा गठ्ठा, वडीसारखा. वस्तादने दोन चकत्यांच्या फटीत पाते घातले आणि जोर लावला. कट्ट आवाज झाला. तो बराच वेळ आत बघत राहिला.

"वहिनी, जरा चष्मा आणा. इथं काहीतरी लिहिलंय."

बायकोने वाकून मोठ्याने वाचले, "'क्र. ३, आतली बाजू.'"

मग वस्ताद जमिनीवर बसला, कारण हसताना उभे राहणे त्याला जमेना.

"क्रम चुकू नये म्हणून," डिंकसाहेब म्हणाले. कानशिले तापली होती. "काढून टाकणार होतो. पण इतक्या छान बसल्या होत्या..."

"अहो साहेब, एक लोखंडाची, एक बुचाची. त्यात क्रम तो कसला? आणि ओल्या डिंकावर स्प्रिंगा आवळल्या! लाकडी कपाट बनवलंत की हो तुम्ही क्लचचं!"

वस्तादने पेट्रोलने घासले. चिठ्ठ्या ढिम्म. सुरीने खरवडले, सुरी बोथटली. घड्याळात नऊ वीस झाले. डिंकसाहेबांना आयुष्यात प्रथमच आपला डिंक इतका चांगला नसता तर बरे, असे वाटले.

"बाजूला व्हा दोघंही," बायको म्हणाली. "डिंकाची पातेली एकतीस वर्षं कोण धुतंय या घरात?" तिने गठ्ठा उचलून ऊन पाण्याच्या परातीत टाकला. दहा मिनिटांत अकरा चिठ्ठ्या शहाण्यासारख्या वर तरंगू लागल्या. एकाही चिठ्ठीवरचे अक्षर फुटले नव्हते, हे डिंकसाहेबांनी चोरून पाहून घेतले.

दहाला पाच कमी असताना गाडी सुरू झाली. डिंकसाहेबांनी लिव्हर दाबली, डोळे मिटले आणि गिअर टाकला. खट्. गाडी जागच्या जागी उभी. काहीच घडले नाही. काहीच न घडण्याचा आनंद त्यांनी दफ्तरखान्यात एकतीस वर्षे घेतला होता, पण असा कधीच नाही.

भंगारवाला फाटकात येऊन थांबला होता. "मग मी रिकामा जाऊ?"

बायको गाडीकडे बघत होती. तिने काही म्हणायच्या आत डिंकसाहेबांनी इंजिन बंद केले, आत गेले आणि डिंक शिजवायचे जाड पितळी पातेले झाकणासकट घेऊन आले. ते दोन्ही हातांनी भंगारवाल्याच्या ओंजळीत ठेवले. बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचे त्यांनी टाळले.

"अहो, नक्की ना?" तिने हळूच विचारले.

"क्रमवार विचार केलाय."

भंगारवाल्याने झाकण ओढले. मग पातेले गुडघ्यांत धरून ओढले.

"साहेब, हे निघत नाही."

"निघणार नाही," डिंकसाहेब म्हणाले, आणि त्यांची छाती दोन इंच पुढे आली.