पच्च काठ

राजम्मांनी वाकून वाटेकडेच्या झुडपांच्या ओळीवरून हात फिरवला आणि विचारले, "मास्तर, पच्च कुटं हाय?"

"हे काय, आपल्या पायाशी."

"हे पच्च न्हाय."

फाल्गुन संपत आला होता. त्या सुमारास सोलापुरात पहाट मऊ असते आणि दुपारी भिंतीला हात लावता येत नाही. मी एका गिरणीच्या बंगल्यांच्या बागा सांभाळत असे. रविवारी बाहेरचे काम घेण्याची मला मुभा होती. नरसय्या हे हातमागाचे जुने तेलुगू कारखानदार आणि राजम्मा त्यांच्या पत्नी. त्यांच्या मागांवरच्या लुगड्यांचे रंग जन्मभर राजम्मांनी ठरवले. आता त्यांची नजर उतरत चालली होती. माणसाचा चेहरा ओळखू येत नसे. रंग तेवढे डागांसारखे दिसत. संध्याकाळी अंगण ओलांडून कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर बसायची त्यांची रीत होती. त्या वाटेवर त्या एकदा पडल्या. तेव्हापासून त्यांना एकटीने उंबरा ओलांडायला बंदी होती.

काम देताना नरसय्यांनी मला स्पष्ट सांगितले होते, "वाटंच्या कडंनं झाडं लावा. रंग बघत ती एकटी गेली, तर मी आडवनार न्हाय. न्हाय जमलं, तर फुडं हात धरूनच जायाचं."

फुलांवर भिस्त ठेवणे शक्य नव्हते. चैत्राचे ऊन त्यांना आठवडाभरही जगू देत नाही. म्हणून रंगीत पानांच्या झाडांचा वाफा करायचा ठरला. राजम्मांनी लुगडे सांगावे तशी बाग सांगितली: "अंग काळपट, काठ पच्च."

त्याप्रमाणे मागे ठिपक्यांचे उंच क्रोटन लावले. मध्ये किरमिजी पानांचे कोलियस आले. पुढे, वाटेला लागून, बॉर्डर. बॉर्डर म्हणजे कातरून बुटकी राखलेली कडेची ओळ. तिच्यासाठी आल्टरनँथेरा नावाचे दाट, बारीक पानांचे झुडूप वापरतात. त्याच्या हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या जाती असतात. माझे तेलुगू कामापुरते होते. पच्च म्हणजे हिरवे, हे मला ठाऊक होते. मी हिरवी जात लावली.

"पच्च म्हणजे हिरवेच ना?" मी नरसय्यांना विचारले.

"व्हय. हिरवं बी पच्च, पिवळं बी पच्च."

"मग ऐकणाऱ्याने ओळखायचे कसे?"

"घरचं मानूस वळखतंय की."

"मी घरचा नव्हे. हे आधी सांगायला हवे होते."

"मास्तर, तुमी मागं म्हनला, परवा येतो. तुमच्यात गेलेला बी परवा, येनारा बी परवा. आमी कुनीकडं तोंड करून वाट बघावी?"

राजम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "हळदीचं पच्च पायजे मला. हे पानाचं पच्च हाय. हे आन् माती मला एकच दिसतंय."

मी ओळ उपटली.

पिवळ्या जातीची अडचण निराळी आहे. सावलीत ठेवली तर ती हिरवी होत जाते. पिवळेपणाला ऊन लागते. उघड्यावर ठेवली तर सोलापूरचे ऊन तिला करपवते. मी बांबूच्या कामट्यांवर गोणपाट टाकण्याचा विचार सांगितला. नरसय्यांनी आतून मागावरचे विरळ विणीचे कापड आणून दिले. सकाळी ते गुंडाळायचे आणि ऊन तापले की पसरायचे. त्याखाली ऊन गाळलेल्या ताकासारखे पडे. पानांवर सुताच्या सावल्या हलत. दुपारी माग थांबले की त्या अंगणात कशाचाही आवाज नसे. मी कामापेक्षा थोडा अधिक वेळ तिथे बसत असे.

पाडव्यानंतर ओळ सलग भरली. नरसय्यांनी चालून बघण्याचा दिवस ठरवला नव्हता. एका संध्याकाळी मी पाणी घालून हात धूत होतो, तेव्हा राजम्मा उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. 

सूर्य बुडाल्यावर पानांचे रंग एकदम जात नाहीत, क्रमाने जातात. आधी किरमिजी काळा पडला. मग क्रोटनचा तांबडा विझला. हिरवा कधी गेला ते कळले नाही. उरला तो फक्त पिवळा काठ. जमीन, झाडे, भिंत सगळे एका निळसर धुरात मिसळले होते आणि त्यात ती ओळ पाण्यावर सोडल्यासारखी अधांतरी होती.

राजम्मा तिच्या कडेने चालू लागल्या. नरसय्या हात पुढे धरून मागून चालले. मध्यावर राजम्मा थांबल्या. नरसय्या शेजारी आले आणि त्यांनी राजम्मांच्या कोपराजवळ हात नेला.

"सरा की मागं," त्या न वळता म्हणाल्या. "तुमच्या धोतराचं पांढरं मधी येतंय."

नरसय्या जागच्या जागी थांबले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. राजम्मा कट्ट्यापर्यंत गेल्या, हाताने कड चाचपली आणि बसल्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना तेवढेही दिसेनासे झाले. तोवर ती वाट त्यांच्या पायांत बसली होती.

त्यानंतर मी अनेक बागा केल्या. रंगाचे नाव ऐकून रोप लावले नाही. पान हातात देतो आणि हेच का, असे विचारतो.