प्राचार्यांचा पालक

"कुठली हाय?"

आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडम भेटल्या की आधी हे विचारायच्या. तब्येत, घरदार नंतर. प्रश्न तुमच्या चपलेला लागलेल्या मातीबद्दल असायचा.

बाहेरगावी गेलेली माणसं पेढे आणतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मॅडम चकलांब्याच्या लग्नातून ढेकळं घेऊन आल्या होत्या. मी मराठी शिकवतो. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी, त्यामुळे माझ्या डब्याला कायम कुणाच्या तरी शेताचा शेजार.

"मातीतलं शिसं फळ्यावर दिसत न्हाई," म्हणत त्या पोरापोरींना माती आणायला पिटाळायच्या. गॅरेजच्या दारातली, मांजरसुंब्याच्या ढाब्यामागची, मिळेल तिथली. मग प्रयोगशाळेत ती तपासायची, हाच त्यांचा तास.

एकदा पोरींनी कॉलेजच्या मागचीच माती आणली. तिथे प्राचार्यांचा पालक होता. ते स्वतः त्याला पाणी घालायचे आणि शनिवारी आम्हा सगळ्यांना जुड्या वाटायचे. कुंपणापलीकडे एक भंगारवाला जुन्या बॅटऱ्या फोडायचा, त्यांतलं पाणी इकडे झिरपायचं. पोरींनी मातीच्या अर्कात रसायन टाकलं आणि परीक्षानळीत पिवळाधमक गाळ बसला.

मॅडम स्टुलावर टेकल्या. "शिसं हाय गं. आन मी घरी लेकरांना हाच पालक घालतेय."

नमुना पाठवला, तर मोठ्या प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं. प्राचार्य भडकले.

"मॅडम, लई ताणू नका. पोरींना दुसरी माती द्या."

"देते की. पण सर, तुमची नात कोणता पालक खाते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सर वाफ्यात उकिडवे बसून पालक उपटत होते आणि मॅडम पोतं धरून उभ्या होत्या. "हातमोजे काढू नका," एवढंच अधूनमधून बजावत होत्या. नातीचं रक्त तपासलं, सुदैवानं काही निघालं नाही. भंगारवाल्याला दोघं मिळून भेटले. त्याची पोरं तिथेच खेळायची, तो ऐकूनच हादरला. महिन्याभरात त्यानं ते काम बंद केलं.

मॅडम निवृत्त होऊन युसूफ वडगावला गेल्या. वाफ्याच्या जागी आता फरशी आहे. मधल्या सुट्टीत सर तिथे खुर्ची टाकून बसतात. भर उन्हात इथं का बसता, असं मी परवा विचारलं.

"मॅडमचा फोन इथंच नीट लागतो," सर म्हणाले आणि खुर्ची जरा भिंतीकडे सरकवली.